‘जमिनीचा व्यवहार झाला की परत करीन’ असे लिहिलेला कागद प्रॉमिसरी नोट ठरतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे सगळे त्याला धरून बोलता येईल. तुम्ही मित्राला चार लाख रुपये हातउसने दिले. तीन लाख बँकेतून, एक लाख रोख. त्याने स्टॅम्प पेपरवर लिहून दिले : ‘मी आज श्री. अमुक यांच्याकडून रुपये चार लाख हातउसने घेतले आहेत. माझ्या जमिनीचा व्यवहार झाल्यावर ही रक्कम व्याजासह परत करीन.’ खाली त्याची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का आहे. शिवाय सही केलेला एक कोरा चेकही तुमच्याकडे आहे. आता वकील म्हणतात, ही प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी, नाही. पैसे बुडाले का, आणि मित्र नवा कागद द्यायला तयार आहे तर त्यात काय लिहून घ्यावे, हे तुम्ही विचारले आहे.

तुमचे वकील बरोबर सांगत आहेत. पण त्यावरून पैसे बुडाले असे तुम्ही मनाशी ठरवले असेल, तर ते बरोबर नाही. कर्ज आहे की नाही हा एक प्रश्न आणि त्या कर्जाचा कागद कायद्याच्या भाषेत ‘परक्राम्य संलेख’, म्हणजे दुसऱ्याच्या नावे करता येणारा पैशांचा कागद, आहे की नाही हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात. कागद वचनचिठ्ठी ठरला नाही तर कर्ज नाहीसे होत नाही. ते सिद्ध करण्याचा सोपा रस्ता तेवढा बंद होतो आणि लांबचा रस्ता धरावा लागतो.

सोपा रस्ता म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण सगळा आटापिटा त्यासाठीच आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मध्ये तीन प्रकारचे कागद येतात : वचनचिठ्ठी, विनिमयपत्र (अमुक माणसाला पैसे द्या असा दुसऱ्याला दिलेला लेखी आदेश) आणि चेक. यांपैकी एखादा कागद तुमच्या हातात असला की कलम ११८ प्रमाणे न्यायालय सुरुवातीलाच गृहीत धरते की तो मोबदल्यापोटी लिहिला गेला आहे. म्हणजे ‘पैसे मिळालेच नाहीत’ हे सिद्ध करायची जबाबदारी सही करणाऱ्यावर जाते. दुसरे असे की, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावे लागते आणि नंतर बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. नेहमीच्या दाव्यात वर्षे कशी जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या दोन गोष्टींचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तिसरा फायदा हस्तांतराचा. असा कागद मागे सही करून, म्हणजे पृष्ठांकन करून, दुसऱ्याला देता येतो आणि त्याने तो मोबदला देऊन, चांगल्या हेतूने, मुदत उलटण्यापूर्वी घेतला असेल तर त्याचा हक्क कधी कधी देणाऱ्याच्या हक्कापेक्षाही पक्का असतो. खासगी उसनवारीत हे हस्तांतर क्वचितच होते. पण कायद्याच्या सगळ्या अटी त्याच हेतूने घातलेल्या आहेत. व्यवहाराच्या वेळी हजर नसलेल्या तिऱ्हाइताने केवळ कागद वाचून कोण देणार, कोणाला देणार, किती देणार आणि केव्हा देणार हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी कोणाला फोन करावा लागला किंवा दुसरा कागद शोधावा लागला, तर तो कागद त्या वर्गात बसत नाही. ही एक कसोटी लक्षात ठेवली तर कलमे पाठ करायची गरज उरत नाही.

आता १८८१ च्या त्याच अधिनियमातली कलम ४ मधली वचनचिठ्ठीची व्याख्या तुमच्या कागदाला लावून पाहू. कागद लेखी हवा, त्यात बिनशर्त वचन हवे, लिहून देणाऱ्याची सही हवी, रक्कम निश्चित हवी, देणे फक्त पैशांचे हवे आणि घेणारा निश्चित हवा. कायद्याने या कलमाखाली उदाहरणेही दिली आहेत आणि ती आजही उत्तम शिकवतात. ‘मी ब यांना ५०० रुपये आणि त्यांना देय होतील त्या इतर सर्व रकमा देण्याचे वचन देतो’ हे चालत नाही, कारण रक्कम कळत नाही. ‘५०० रुपये देईन, पण त्यांच्याकडून मला येणे असेल ते आधी कापून घेईन’ हेही त्याच कारणाने बाद. ‘५०० रुपये आणि येत्या १ जानेवारीला माझा काळा घोडा देईन’ हे चालत नाही, कारण देणे फक्त पैशांचे राहिले नाही. घोड्याच्या जागी धान्य, सोने किंवा गाळ्याचा ताबा घाला, उत्तर तेच येते.

तुमच्या कागदात पैसे आहेत, रक्कम आहे, सही आहे, तुमचे नाव आहे. ‘परत करीन’ असे स्पष्ट वचनही आहे, आणि ते फार महत्त्वाचे आहे. नुसते ‘मी चार लाख रुपये घेतले आहेत’ किंवा ‘मी अमुक यांचे देणे लागतो’ एवढेच असते तर ती कर्जाची कबुली झाली असती, वचन नव्हे. कायद्यातल्या उदाहरणांत नुसते ‘मी तुमचा एक हजार रुपयांचा देणेकरी आहे’ हे वचनचिठ्ठी नाही, पण ‘मी ब यांचे एक हजार रुपये देणे लागतो, ते मागणी केल्याबरोबर द्यायचे आहेत’ ही मात्र आहे. पुढच्या चार शब्दांत देण्याची बांधिलकी आली म्हणून. माझ्याकडे लोक जे कागद घेऊन येतात, त्यांत ही उणीव नेहमी दिसते. पैसे घेतल्याचे तपशील ओळीमागून ओळ लिहिलेले असतात आणि देण्याबद्दल एक अक्षर नसते.

‘व्याजासह’ लिहिले पण दर लिहिला नाही, यामुळे रक्कम अनिश्चित झाली का, अशी शंका येणे साहजिक आहे. माझ्या मते यावर कागद पडू नये. दर लिहिलेला नसेल तर वचनचिठ्ठीवर वार्षिक १८ टक्के दराने व्याज धरायचे, असे कलम ८० सांगते. व्याजाचा उल्लेख असला तरी रक्कम निश्चितच मानली जाते, हे कलम ५ मध्ये आहे. तरीही दर लिहावाच. नाहीतर मित्र म्हणेल सहा टक्के ठरले होते, तुम्ही म्हणाल बारा, आणि साधे प्रकरण विनाकारण चिघळेल.

अडचण खरी आहे ती ‘जमिनीचा व्यवहार झाल्यावर’ या शब्दांत. व्यवहार होईल का? कोणती जमीन? साठेखत झाले की व्यवहार झाला, की खरेदीखत नोंदवल्यावर? आणि तो झालाच नाही तर? कागद यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. कायदा म्हणतो, देण्याची वेळ एखाद्या घटनेवर टांगायची असेल तर ती घटना माणसाच्या सामान्य अपेक्षेप्रमाणे घडणारच अशी हवी. कधी घडेल हे ठाऊक नसले तरी चालेल. म्हणून एखाद्याच्या मृत्यूनंतर देण्याचे वचन चालते, कारण मृत्यू अटळ आहे. पण ‘माझे क हिच्याशी लग्न झाल्यावर सात दिवसांनी’ हे चालत नाही. जमिनीचा व्यवहार या दुसऱ्या रांगेत जातो. पीक विकल्यावर, बँकेचे कर्ज मंजूर झाल्यावर, भावाने वाटणी दिल्यावर, सरकारी बिल निघाल्यावर या सगळ्या शर्तीच आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. पैसे कुठून येणार हे तो प्रामाणिकपणे सांगत असतो. पण त्याच प्रामाणिक वाक्याने कागद वचनचिठ्ठी राहत नाही.

पैसे का घेतले हे लिहिणे आणि पैसे देण्यावर अट घालणे, यांत मात्र गल्लत करू नका. ‘घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या रकमेपोटी’ असे लिहिले तर बिघडत नाही, कारण तो मोबदल्याचा उल्लेख झाला. ‘आपल्यात ठरलेल्या कराराच्या अधीन राहून’ असे लिहिले की मात्र वाचणाऱ्याला तो करार शोधावा लागतो, आणि मघाची कसोटी पुन्हा आडवी येते.

साक्षीदारांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चांगले जाणते लोकही फसतात. वचनचिठ्ठीला साक्षीदार लागत नाहीत, नोटरीही लागत नाही. उलट, ज्या कागदावर साक्षीदाराने साक्ष घातली आहे आणि जो ‘अमुक यांना किंवा ते सांगतील त्यांना’ असा किंवा धारकाला, म्हणजे कागद हाती असेल त्याला, देय नाही, अशा पैसे देण्याच्या कागदाला मुद्रांक कायदा बंधपत्र म्हणतो. बंधपत्राला रकमेच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क लागते. तुमच्या कागदावर साक्षीदार आहेत आणि ‘ते सांगतील त्यांना’ हे शब्द नाहीत. म्हणजे समोरचा वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतो : ही वचनचिठ्ठी नाही कारण शर्त आहे, आणि हे बंधपत्र आहे पण मुद्रांक अपुरा आहे. यातला दुसरा मुद्दा तुम्हाला जीवघेणा नाही. अपुऱ्या मुद्रांकाचे बंधपत्र उरलेले शुल्क आणि दंड भरून पुराव्यात आणता येते. खर्च येतो, वेळ जातो, पण वाट राहते.

वचनचिठ्ठीच्या बाबतीत ही वाट नाही, आणि हे शंभरदा सांगितले तरी कमी आहे. भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ च्या कलम ३५ मध्ये इतर बहुतेक कागदांना दंड भरून पुराव्यात येण्याची मुभा आहे. वचनचिठ्ठी आणि विनिमयपत्र त्यातून मुद्दाम वगळले आहेत. वचनचिठ्ठीला योग्य मुद्रांक, म्हणजे तिकीट, नसेल तर ती पुराव्यात येतच नाही. तिकीट सही करण्यापूर्वी किंवा सही करतानाच लावलेले हवे. दावा लावायच्या आदल्या दिवशी चिकटवून उपयोग नाही. शिवाय ते रद्द केलेले हवे, म्हणजे पुन्हा वापरता येणार नाही असे. म्हणूनच तिकिटावरून कागदापर्यंत जाईल अशी सही घेतात. कोरे तिकीट चिकटवलेले आणि सही त्याच्या शेजारी, असा कागद कायद्याने तिकीट नसल्यासारखाच मानला जातो. समोरच्याने कागदाला निशाणी, म्हणजे न्यायालयाचा पुराव्याचा क्रमांक, पडण्यापूर्वी हरकत घेतली तर तिथेच सगळे थांबते. त्याने हरकत घेतली नाही आणि कागद पुराव्यात दाखल झाला, तर नंतर ती उकरून काढता येत नाही. पण समोरचा वकील झोपलेला असेल या भरवशावर कोणी राहू नये.

याला जोडून अजून एक सापळा आहे. मागणी केल्याबरोबर देय असलेल्या वचनचिठ्ठीला लागणारा मुद्रांक काही पैशांचा आहे. म्हणून एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावायची रीत पडली, आणि ते पुरते. हा विषय केंद्राच्या यादीत असल्याने दर देशभर एकच आहे. पण ‘आजपासून एका वर्षाने देईन’ असे मुदतीचे वचन लिहिले की मुद्रांक रकमेच्या प्रमाणात लागतो. लोक छापील नमुन्यावर रुपयाचे तिकीट लावतात आणि हौसेने मुदत लिहितात. कागद तिथेच अपुऱ्या मुद्रांकाचा होतो आणि वर सांगितल्याप्रमाणे दंड भरूनही सुधारत नाही. म्हणून खासगी उसनवारीत मी मागणी केल्याबरोबर देय असाच मजकूर सुचवतो. मित्राला वर्षभर सवड द्यायची तर ती तुम्ही मागणी न करून देऊ शकता. मुदत लेखीच हवी असा मित्राचा आग्रह असेल तर वचनचिठ्ठीचा नाद सोडून वकिलाकडून रीतसर कर्जकरार करून घ्या आणि त्याचे शुल्क भरा.

स्टॅम्प पेपरबद्दल एवढेच : कागद कशावर लिहिला यावरून तो काय आहे हे ठरत नाही, मजकुरावरून ठरते. महागड्या स्टॅम्प पेपरवरची शर्तीची चिठ्ठी शर्तीचीच राहते. साध्या कागदावर, तिकिटावर सही घेऊन, नीट शब्दांत लिहिलेले वचन पुरे होते.

आता मित्र नवा कागद द्यायला तयार आहे, त्याबद्दल. जुने देणे हाच नव्या वचनचिठ्ठीचा मोबदला होऊ शकतो, त्यात अडचण नाही. मजकूर मी असा ठेवीन :

‘मी, (पूर्ण नाव व पत्ता), श्री. (तुमचे पूर्ण नाव व पत्ता) यांना किंवा ते सांगतील त्यांना, मागणी केल्याबरोबर, रुपये ४,००,००० (अक्षरी रुपये चार लाख फक्त) आजपासून दरसाल दरशेकडा (ठरलेला दर) व्याजासह देण्याचे बिनशर्त वचन देतो. या रकमेचा पूर्ण मोबदला मला मिळालेला आहे.’

खाली ठिकाण, तारीख आणि तिकिटावरून सही. बस. यात जमीन नाही, साक्षीदार नाहीत, ‘वेळेवर न दिल्यास माझी मोटारसायकल घ्यावी’ वगैरे नाही. जितके जास्त लिहाल तितकी फट वाढते. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहा. दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरतात, म्हणून अक्षरे जास्त काळजीने तपासा. जुन्या व्याजाचा हिशेब आधी करून ते मुद्दलात धरायचे की सोडायचे ते ठरवा आणि एकच आकडा लिहा. तारीख आजचीच घाला. मागची तारीख घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तारीख नसल्याने वचनचिठ्ठी बाद होत नाही, पण मुदतीचा सगळा हिशेब तिच्यावर चालतो.

‘ते सांगतील त्यांना’ हे शब्द नसले तरी आजच्या कायद्याप्रमाणे ठरावीक व्यक्तीला देय असलेला आणि हस्तांतराला मनाई न करणारा कागद परक्राम्यच मानतात. तरी लिहा, म्हणजे बंधपत्राचा वाद उद्भवणार नाही. ‘जो कोणी हा कागद आणील त्याला’ असे मात्र कधीही लिहू नका. धारकाला देय अशी वचनचिठ्ठी काढण्यास रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम ३१ ने खासगी माणसाला मनाई आहे. कारण उघड आहे. अशी चिठ्ठी हातोहात फिरू लागली तर ती नोटेचेच काम करील.

मराठीत लिहिले तर चालेल का, असेही पुष्कळजण विचारतात. चालते. सही करणाऱ्याला जी भाषा वाचता येते तीच उत्तम, नंतर ‘मला कळलेच नाही’ म्हणायला जागा उरत नाही. अंगठा असेल तर तोही सहीच मानतात, फक्त तिथे ओळख पटवणारा साक्षीदार व्यवहारात उपयोगी पडतो, आणि म्हणूनच तिथे ‘ते सांगतील त्यांना’ हे शब्द विसरून चालणार नाही. मोबाइलवरचा ‘चार लाख देतो’ हा संदेश कर्जाचा पुरावा म्हणून मोलाचा आहे, तो जपून ठेवा, पण तो वचनचिठ्ठी नाही. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या वचनचिठ्ठीला २०२२ पासून जी मुभा मिळाली ती रिझर्व्ह बँकेसारख्या नियामकांखालच्या संस्थांच्या नावे दिलेल्या, मागणी करताच देय असलेल्या चिठ्ठ्यांपुरती आहे, तुमच्या-माझ्या उसनवारीसाठी नाही.

नवी चिठ्ठी घेतल्यावर जुना कागद फाडू नका. पण मित्रावर अन्यायही होऊ नये, कारण त्याच्या नावावर दोन कागद झाले आहेत आणि देणे एकच आहे. म्हणून वेगळ्या साध्या पत्रात दोघांच्या सहीने लिहा की नवी चिठ्ठी अमुक तारखेच्या जुन्या देण्यापोटीच आहे, वेगळे कर्ज नाही. हे चिठ्ठीत लिहू नका, पत्रातच असू द्या. आणि पैसे पूर्ण फिटले की मूळ चिठ्ठी त्याला परत द्या. तो त्याचा हक्कच आहे.

कोऱ्या चेककडे वळतो, कारण तुमच्या मनात बहुधा तोच आधार आहे. सही करून स्वखुशीने दिलेला चेक कोरा होता, एवढ्यावरून तो निरुपयोगी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या निकालात सांगितले की, देण्यापोटी दिलेल्या चेकवरची सही मान्य असेल तर बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला तरी चेक देण्यापोटीच दिला हे कलम १३९ चे गृहीतक लागू राहते. समोरच्याला ते खोडून काढता येते, पण पुरावा त्याने द्यायचा. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भरायची रक्कम त्या दिवशी खरोखर येणे असलेली हवी. मित्राने मधल्या काळात एक लाख परत केले आणि तुम्ही चेक चार लाखांचा भरलात, तर चेक न वटल्याबद्दलचा कलम १३८ चा गुन्हाच होत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. दुसरे म्हणजे मुदती कडक आहेत. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत जायला हवा. तो न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस त्याला पैसे द्यायला, आणि ते पंधरा दिवस उलटल्यापासून एका महिन्यात तक्रार. यातली एक तारीख चुकली की चांगले प्रकरणही अडखळते. आणि कर्ज मुदतबाह्य झाल्यावर चेक भरलात तर ‘कायद्याने वसूल होऊ शकणारे देणे’ हा पायाच वादात सापडतो.

मुदतीचे म्हणाल तर मागणी केल्याबरोबर देय असलेल्या वचनचिठ्ठीवर दावा लावायला चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षे मिळतात. मागणी केल्यापासून नव्हे, चिठ्ठीच्या तारखेपासून. ‘मी अजून मागितलेच नाहीत, मग मुदत कशी सुरू झाली?’ हा प्रश्न मला दाव्याची वेळ टळून गेल्यावर विचारला जातो, तेव्हा फार वाईट वाटते. तीन वर्षे संपण्यापूर्वी मित्राने सही करून देणे मान्य केले, किंवा काही रक्कम परत करून तशी नोंद चिठ्ठीच्या मागे तारखेसह स्वतःच्या सहीने केली, तर तिथपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीचा उपयोग नाही. मग करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे देण्याचे नवे लेखी वचनच लागते.

एक कळकळीची विनंती. कोणीतरी सुचवेल की जुन्या कागदावरची ‘जमिनीचा व्यवहार झाल्यावर’ ही ओळ खोडून टाका, किंवा वर ‘मागणी केल्याबरोबर’ असे घाला. तसे कधीही करू नका. कलम ८७ प्रमाणे संलेखात संमतीशिवाय केलेला महत्त्वाचा बदल तो संलेखच निष्प्रभ करतो, आणि वचनचिठ्ठी नसलेल्या कागदावर असे केले तर खोटा दस्तऐवज केल्याचा आरोप अंगावर येऊ शकतो. कोरी जागा भरणे आणि लिहिलेले बदलणे यांत कायदा फार मोठा फरक करतो. आज तुमची बाजू खरी आहे, ती एका खाडाखोडीने घालवू नका.

मित्राने नवा कागद द्यायला नकार दिला तर? तेव्हा तुमचा जुना कागद लेखी करार म्हणून उभा करावा लागेल. आदेश ३७ लेखी करारावरच्या ठरावीक रकमेच्या दाव्यालाही लागू होतो, म्हणजे समरी दाव्याचा दरवाजा पूर्ण बंद नाही. पण शर्त समोर दिसत असताना मित्राला बचावाची परवानगी मिळणे सोपे जाईल, हे गृहीत धरून चाला. तीन लाखांचा बँक उतारा हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. रोख दिलेल्या एक लाखासाठी मात्र कागदातली कबुली आणि साक्षीदारच उपयोगी पडतील. म्हणजे वचनचिठ्ठीला नको असलेले ते दोन साक्षीदार इथे तुमच्या कामी येतील. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने कर्जाऊ घेण्यास मनाई आहे. दंड घेणाऱ्यावर बसतो, तरी उलटतपासणीत हा प्रश्न येणार, तेव्हा खरे काय ते सरळ सांगा. आणि तुम्ही इतरांनाही वरचेवर व्याजाने पैसे देत असाल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ चा मुद्दा निघू शकतो. मित्राला एकदा दिलेली उसनवारी म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे, पण तुमची परिस्थिती मला ठाऊक नाही, म्हणून वकिलांना हे न लपवता सांगा.

मुदतीचे उत्तर जुन्या कागदाबाबत दोन तऱ्हांनी निघू शकते. मुदत जमिनीचा व्यवहार झाल्यापासून मोजायची, असे तुम्ही म्हणाल. ती कर्ज दिल्याच्या दिवसापासूनच सुरू झाली, असे समोरचा म्हणेल. न्यायालय काय मानेल हे पुराव्यावर अवलंबून आहे, म्हणून सावधपणे दुसरीच तारीख धरून चाला. कागदावरची तारीख तुम्ही कळवलेली नाही. तिला तीन वर्षे व्हायला थोडेच दिवस राहिले असतील तर नव्या चिठ्ठीच्या मजकुरावर चर्चा करत बसू नका. आधी मित्राकडून ‘अमुक तारखेच्या कागदाप्रमाणे आजही माझ्याकडे इतके देणे आहे’ एवढी एक ओळ तारीख घालून, सही करून घ्या आणि मग बाकीचे करा.